एफजे४०, टू-एफ इंजिन: झिजलेला कार्ब्युरेटर बदलावा की बुश मारून घ्यावेत?

मस्कतकर:
नमस्कार मंडळी. गाडी टोयोटा लँड क्रूझर एफजे४०, १९७८ चं मॉडेल, ४.२ लिटरचं सहा सिलिंडर टू-एफ पेट्रोल इंजिन. कार्ब्युरेटर मूळचाच, आयसिनचा डबल बॅरल, हाताने ओढायच्या चोकचा. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते. गरम झाली की आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) ५०० ते ९०० आरपीएममध्ये वरखाली होत राहतं. मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) पूर्ण आत फिरवला तरी इंजिन बंद पडत नाही. चढावर काळा धूर. दुपारच्या उन्हात वीस मिनिटं उभी केली की पेट्रोलचा वास सुटतो आणि मग स्टार्टर मारत बसावं लागतं. रिपेअर किट दोनदा टाकून झालं. आता बाजारातली नवी नक्कल घ्यावी, वेबर ३२/३६ (दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर) बसवावा, की जुना आयसिन शोधावा? आणि बदलताना काय सांभाळायचं?

पानापकड:
खरेदीच्या आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची प्लेट ज्यावर फिरते तो दांडा. इंजिन बंद असताना शाफ्टचं टोक चिमटीत धरून वरखाली हलवा. शाफ्ट पोलादी, बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे झीज बॉडीच्या भोकात होते आणि भोक लंबगोल होतं. तिथून आत शिरणारी हवा कुठल्याच जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाला) मोजता येत नाही. शाफ्ट दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, म्हणून आयडलिंग एका जागी राहत नाही. रिपेअर किटमध्ये गॅस्केट, नीडल (फ्लोटच्या भांड्यात येणारं पेट्रोल अडवणारी सुई), पंपाचा (पेडल दाबताच पेट्रोलची धार मारणाऱ्या) वॉशर असतो, या भोकावरचा इलाज नसतो. म्हणून दोन किट वाया गेली.

दुसरी, आयडल सोलेनॉइड, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल चालू-बंद करणारी विजेची झडप. चावी ऑन केल्यावर टक् असा आवाज यायला हवा. मग आयडलिंगवर असताना त्याची वायर काढा. इंजिन लगेच बंद पडलं तर आयडल सर्किट ठीक. चालूच राहिलं तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. बहुतेक वेळा कारण असं असतं की कमी आयडलिंग झाकायला कुणीतरी स्पीड स्क्रू वाढवलेला असतो. प्लेट जास्त उघडली की वरचं ट्रान्झिशन पोर्ट (थोडं पेडल दाबल्यावर पेट्रोल देणारं भोक) उघडं पडतं आणि मुख्य नळीतूनही पेट्रोल टपकू लागतं. मग मिक्स्चर स्क्रूच्या हातात काही उरत नाही. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

तिसरी, फ्लोटच्या भांड्यावरची पुढची गोल काच. सपाट जमिनीवर, इंजिन चालू असताना, पेट्रोलची पातळी काचेच्या मधल्या खुणेवर हवी. काच पूर्ण भरलेली दिसली तर नीडल गळतेय किंवा फ्लोट खाली वाकवायला हवा.

मॅनिफोल्ड गॅस्केटचीही खात्री करा. स्प्रे मारून गळती शोधायची तर इंजिन थंड असताना, नुकतंच सुरू केल्यावर, अगदी थोडा मारा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. या इंजिनात एक्झॉस्ट थेट कार्ब्युरेटरच्या खाली आहे.

मस्कतकर:
तपासलं. शाफ्ट स्पष्ट हलतो, तिथे स्प्रे मारला की आरपीएम बदलतो. वायर काढली तरी इंजिन चालू. काच जवळजवळ भरलेली. मॅनिफोल्डला गळती नाही.

पानापकड:
मग माझं मत सरळ आहे: तुमचीच बॉडी ठेवा आणि शाफ्टला ब्राँझचे बुश (झिजलेल्या भोकात बसवायच्या कड्या) मारून घ्या. या इंजिनाचे व्हेंचुरी, जेट, लिंकेजचे कोन सगळं तिच्यात आधीच जुळलेलं आहे. नकलांमध्ये बाहेरचा आकार जुळतो, पण जेट आणि पंपाची मापं एकसारखी सापडत नाहीत. वेबर ३२/३६ चांगला कार्ब्युरेटर आहे, पण ४.२ लिटरला वरच्या आरपीएमवर अपुरा पडतो. शिवाय त्याला अडॅप्टर लागतो, म्हणजे आणखी दोन गॅस्केटं आणि हवा ओढायला आणखी दोन जागा.

लेथवाल्याला हे नीट सांगा. दोन्ही बाजूंची भोकं एकाच रेषेत रीम (अचूक मापात कापून साफ) व्हायला हवीत. एकेक बाजू वेगळी ड्रिल केली तर शाफ्ट अडकतो. प्लेटच्या स्क्रूंची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात. ती आधी घासून काढा, नाहीतर स्क्रू शाफ्टमध्येच मोडतो. प्लेटच्या कडा तिरक्या असतात, म्हणून काढण्याआधी कोणती बाजू वर ते खूण करून ठेवा. परत बसवताना प्लेट बंद करून उजेडासमोर धरा, कडेने प्रकाश दिसतोय तोवर ती मध्यावर आलेली नाही. स्क्रू नवे घ्या, लॉकिंग द्रव लावा, टोकं पुन्हा ठोका. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

उघडलाच आहे तर पॉवर व्हॉल्व्हचा (जोर लागतो तेव्हा जादा पेट्रोल देणाऱ्या झडपेचा) पिस्टन बघा. तो व्हॅक्यूमने वर ओढला जातो. अडकून खाली राहिला की सतत जादा पेट्रोल देतो. काळ्या धुरात त्याचा आणि भरलेल्या काचेचा, दोघांचा वाटा असू शकतो. पंपाखालच्या छोट्या गोळ्या उलटं करताच घरंगळतात, ट्रेमध्येच उघडा.

तांबडी माती:
काढण्या-बसवण्याबद्दल मी लिहितो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाका. चार स्टडवरचे नट बारा नंबरच्या पान्याने निघतात. कार्ब्युरेटर उचलल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा.

बसवण्याआधी बुडाच्या फ्लँजवर पोलादी पट्टी ठेवून फीलर गेज घालून बघा. नट आवळून आवळून कोपरे वाकलेले असतात. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकारात घासलं की सपाट होतं. क्रम असा: मॅनिफोल्ड, गॅस्केट, बेकलाइटचा जाड इन्सुलेटर, गॅस्केट, कार्ब्युरेटर. तळाची उष्णता-ढाल असेल तर ती जशी निघाली त्याच थरात परत जाते. गॅस्केटला सीलंट लावू नका, पेट्रोलने ते सुटतं आणि पोर्टमध्ये जातं. नट आखूड पान्याने, समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत. इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की पुन्हा हलक्या हाताने तपासा.

डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी कोणत्या निपलला जाते यात हमखास चूक होते. आयडलिंगवर ज्या निपलला व्हॅक्यूम नसतो आणि रेस केल्यावर येतो, तोच तिचा. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून थ्रॉटल पूर्ण उघडतो का बघा. चोकची घुंडी आत गेल्यावर चोकची प्लेट उभी राहायलाच हवी, नाहीतर तुमचा धूर तसाच राहील. सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून वरून आत बघत थ्रॉटल हलवा. हलवताक्षणी पंपाची धार दिसली पाहिजे.

उन्हातला त्रास वेगळा आहे. गाडी थांबली की फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल उकळतं, काचेत बुडबुडे दिसतात आणि वाफ होऊन ते मॅनिफोल्डमध्ये उतरतं. भांड्याचा व्हेंट मोकळा हवा. टाकीकडची रिटर्न नळी कुणी बंद करून ठेवली असेल तर उघडा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधली उष्णता वळवणारी झडप गंजून गरम बाजूला अडकलेली नाही ना हे नक्की बघा, मस्कतमध्ये ती कायम थंड बाजूला बांधून ठेवली तरी चालेल. अशा वेळी सुरू करताना पेडल पंप करू नका, पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा.

पानापकड:
ट्यूनिंगचा क्रम बदलू नका. आधी गरम इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट): इनटेक ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.३५. मग डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ४१ अंश. मग टायमिंग: व्हॅक्यूम नळी काढून बंद करा, स्टार्टरच्या वरच्या खिडकीतून फ्लायव्हीलवरची छोटी गोळी दिसते, ती काट्यासमोर आली की पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ७ अंश आधी. इतकं झाल्यावरच कार्ब्युरेटरला हात.

मिक्स्चर स्क्रू हलकेच टेकवून दोन-अडीच फेरे बाहेर घ्या. जोरात टेकवला तर टोकाला खाच पडते. गरम इंजिनावर तो फिरवून आरपीएम जास्तीत जास्त करा, मग स्पीड स्क्रूने ६९० वर आणा. मिक्स्चर स्क्रूने आरपीएम ६९० च्या वर जाणं थांबेपर्यंत दोन्ही पुन्हा पुन्हा करा. शेवटी फक्त मिक्स्चर स्क्रू आत फिरवत ६५० वर उतरवा. स्क्रू पूर्ण आत नेल्यावर आता इंजिन बंद पडलं पाहिजे, आणि सोलेनॉइडची वायर काढल्यावरही.

मस्कतकर:
बुश मारायला बॉडी देतो. एक शंका: जेबेल अखदरला (ओमानमधला उंच डोंगर) वर गेलो की हे सेटिंग बदलावं लागेल का?

तांबडी माती:
तिथलं सैक पठार साधारण २००० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता सुमारे पाचव्या हिश्शाने कमी असते, म्हणून मिश्रण दहा टक्क्यांच्या आसपास जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आयडलिंग थोडं जड वाटेल, ताकद कमी जाणवेल. दिवसभरासाठी जात असाल तर स्क्रूला हात लावू नका. वर मुक्काम असेल तर तिथे गरम इंजिनावर ६९० ते ६५० वाली पद्धत पुन्हा करा, पण स्क्रू किती फिरवला ते कागदावर लिहून ठेवा. खाली उतरल्यावर तो तितकाच परत बाहेर घेतला नाही, तर समुद्रसपाटीवर मिश्रण पातळ पडतं आणि गाडी उचलताना झटके देते.