शेततळ्यातले मासे वाढेनात, खाद्यात काय मिसळावं?

माळरान
नमस्कार मंडळी. सांगोल्याकडे ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे. जुलैअखेर रोहू, कटला, सायप्रिनस मिळून ३००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. फेब्रुवारी आला तरी मासा तळहाताएवढाच. भाताचा कोंडा नि शेंगदाणा पेंड निम्मी निम्मी, रोज सकाळी ४ किलो टाकतो. दुकानदार लिव्हर टॉनिक, ग्रोथ प्रमोटर, ॲसिडिफायर, प्रोबायोटिक, मिनरल असा ६ हजारांचा संच गळ्यात मारतोय. कुणी वापरलंय का?

उजनीकाठ
दादा, आधी फेकजाळं टाका, ३०-४० मासे काढून वजन करा. मग बोलू.

माळरान
४० मासे, साडेचार किलो भरले. मर फारशी नाही, २७०० तरी असतील.

उजनीकाठ
म्हणजे एक ११२ ग्रॅमचा आणि तळ्यात ३०० किलो मासा. त्याला ४ किलो खाद्य म्हणजे वजनाच्या सव्वा टक्का. एवढ्यात मासा जगतो, वाढत नाही. निदान अडीच-तीन टक्के लागतं. बोटुकली होती तेव्हाचं माप अजून चालू ठेवलंय ना?
पण उद्यापासून ९ किलो ओतू नका. ९ गुंठ्याच्या पाण्यात साधारण हजारभर मासे बसतात, तुमचे तिप्पट आहेत. खाद्य वाढलं की पहाटे ऑक्सिजन पडणार आणि मासे वर येऊन तोंडं उघडणार. आधी विरळणी करा. आंध्रात मुद्दाम असं खुरटं बीज राखतात, मोकळ्या पाण्यात गेलं की ते झपाट्याने भरतं. गिऱ्हाईक मिळेल.

रानवारा
आम्ही लसूण वाटून देतो, खाद्याच्या किलोला १० ग्रॅम. मासे तुटून पडतात.

पाणकोंबडी
तुटून पडतात हे खरं, पण त्याने अंगावरच्या उवा जातील या भरवशावर राहू नका.
माळरान, संचाबद्दल. ॲसिडिफायर, म्हणजे पोटातलं आम्ल वाढवणारं औषध, सोडा. रोहू-कटल्याला जठरच नसतं, तुमच्या तळ्यात त्यावर पैसे घालू नका. मिनरल मात्र घ्या. कागदाच्या तळ्याला चिखल नाही, मातीतून काही मिळत नाही, आणि कोंडा-पेंडीतला बराचसा फॉस्फरस माशाला पचत नाही. व्हिटॅमिन सी खाद्याच्या किलोला अर्धा ग्रॅम. उष्णतेने नि साठवणीत उडून जातं, म्हणून ज्या दिवशी द्यायचं त्याच दिवशी मिसळा. ग्रोथ प्रमोटरच्या पुडीवर घटक छापलेले नसतील तर परत करा. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही ॲन्टिबायोटिकं मत्स्यपालनात बंद आहेत आणि निनावी पुडीत काय असेल सांगता येत नाही.
आणि भुकटी पाण्यावर फेकता का? मग टॉनिक तळ्याला लागतं, माशाला नाही. पेजेत मळून गोळे करा, ट्रेमध्ये ठेवा, दोन तासांनी ट्रे उचलून बघा. परवडलं तर २८ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य घ्या. त्यावर औषध पाण्यात कालवून शिंपडायचं, वरून चमचाभर गोडेतेल, अर्धा तास सावलीत.

माळरान
ताई, प्रोबायोटिक आणि लिव्हर टॉनिकचं काय?

पाणकोंबडी
प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवाणू, गर्दी कमी झाल्यावर बघा. ॲन्टिबायोटिकसोबत दिलं तर पैसे पाण्यात. लिव्हर टॉनिक घ्यायच्या आधी पेंडीचं पोतं तळापर्यंत रिकामं करा, ढेप मोडून वास घ्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतच खातं. तेच रोज घालून वर टॉनिक पाजण्यात काय अर्थ?

माळरान
(१२ दिवसांनी) पोतं उपसलं. वरची पेंड ठीक होती, खाली भिंतीला टेकलेली बाजू हिरवी आणि वास कुबट. खड्ड्यात पुरली. १४०० मासे शेजारच्या गावच्या तळ्यात गेले, वाहतूक त्यांचीच. मिनरल आणि सी घेतलं, बाकी दुकानात परत. दुकानदार दोन दिवस बोलला नाही. गोळे करायचं काम आईने घेतलंय. सकाळी अडीच, संध्याकाळी दीड किलो देतो, ट्रे पाऊण तासात चाटूनपुसून. आता अर्धा किलो वाढवू का?

उजनीकाठ
वाढवा. उद्या पहाटे पाचला बॅटरी घेऊन एक चक्कर मारा मात्र.