मदत हवी आहे: ऑनलाइन संशोधन परिषदेत चौघांनी मिळून सादरीकरण कसं करावं?

निफाडकर_रसायन

नमस्कार. आम्ही चौघं बी.एस्सी. तृतीय वर्षाला आहोत, विषय रसायनशास्त्र. निफाड आणि सिन्नर तालुक्यांतल्या २४ विहिरींच्या पाण्यात नायट्रेट आणि एकूण हार्डनेस (पाण्याचा कठीणपणा) किती, हा आमचा प्रकल्प. पदवी विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन परिषदेत सारांश स्वीकारला गेलाय. झूमवर ८ मिनिटं सादरीकरण, २ मिनिटं प्रश्न. सुट्टी असल्यामुळे चौघं चार गावांत आहोत.

अडचणी अशा: पीपीटी एकीनेच केलीय, बाकीच्यांना फक्त आपापल्या दोन स्लाइड पाठ आहेत. सरावात प्रश्न आला की चौघं गप्प, नाहीतर दोघं एकदम बोलतात. गुणांच्या तक्त्यात टीमवर्कला वेगळे गुण आहेत, पण परीक्षक ते नेमकं कशात बघतात? शिवाय ऐन वेळी लाइट गेली तर काय करायचं?

ब्युरेट

स्लाइडची वाटणी आधी मोडा. दोन-दोन स्लाइड वाटून घेतल्या की प्रत्येक जण आपला तुकडा घोकतो आणि शेजारच्या तुकड्यातला आकडा चुकला तरी कोणाला पत्ता लागत नाही. समजा सारांशात २४ विहिरी लिहिल्यात आणि नायट्रेटच्या आलेखात ठिपके २२ आहेत, कारण दोन नमुने ४८ तासांत तपासून झाले नाहीत म्हणून वगळले. हे कारण चौघांनाही माहीत हवं. परीक्षक बोट ठेवतात ते अशाच जागी, आणि बोलणारी व्यक्ती गडबडली की काम एकत्र झालेलं नाही हे लगेच उघडं पडतं.

पहिलं काम: गूगल शीटमध्ये एकच मूळ तक्ता ठेवा. स्लाइडवरचा प्रत्येक आकडा तिथूनच उचलायचा. हार्डनेस सगळीकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. एका स्लाइडवर पीपीएम आणि दुसऱ्या स्लाइडवर मिलिग्रॅम नको. आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आणि त्यात सूट नाही. हार्डनेसला २०० स्वीकार्य, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. हा फरक कोणालाही विचारतील. ज्याने आलेख काढला त्याने तो तपासायचा नाही, दुसऱ्याने मूळ तक्त्याशी ताडून बघायचा.

मग उलटी तालीम करा. चिठ्ठ्या टाकून भाग वाटा, पण स्वतःचा भाग स्वतःला येता कामा नये. टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून हार्डनेस मोजणं) करणाऱ्याने आलेख समजावायचा. आलेखवालीने सांगायचं की एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा रंग अंतिम बिंदूला वाइनसारख्या लालवरून निळा का होतो आणि बफर घालून पीएच १० कशाला ठेवतात. कोणी अडखळलं की ज्याचा तो भाग आहे त्याने तिथेच समजावून द्यायचं. अडखळण्याच्या जागा लिहून काढा. परीक्षकांचे बरेचसे प्रश्न त्याच यादीतून येणार. टीमवर्कचे गुण कशात बघतात याचं उत्तरही इथेच आहे: एकाचा मुद्दा दुसऱ्याला पुढे नेता येतो का, आणि प्रश्न योग्य माणसाकडे बिनबोभाट पोचतो का.

त्यासाठी एक जण प्रश्न घेणारा ठरवा. त्याने प्रश्न एका वाक्यात परत म्हणायचा आणि नाव घेऊन सोपवायचा: ‘नायट्रेटचं वाचन २२० नॅनोमीटरला का घेतलं, हे स्पेक्ट्रोचं (प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्राचं) काम पाहणारी सहकारी सांगेल.’ तेवढ्या चार सेकंदांत तिला अनम्यूट व्हायला आणि विचार करायला वेळ मिळतो. (उत्तरात २७५ नॅनोमीटरच्या वाचनाची दुप्पट वजा करणं आलंच पाहिजे. विरघळलेले सेंद्रिय पदार्थही २२० ला प्रकाश शोषतात, त्यांची ती वजावट.) उत्तर तीस सेकंदांत संपवा. भर घालायची असेल तर बोलणाऱ्याचं पूर्ण झाल्यावर, एकच वाक्य. सहकाऱ्याचा आकडा चुकला तर ‘एक दुरुस्ती’ म्हणून बरोबर आकडा द्या आणि थांबा. चूक तशीच सोडणं जास्त महागात पडतं.

नदीकाठ

तांत्रिक बाजू सांगतो. चौघांनी बोलणं सक्तीचं आहे का, हे नियमांत बघा. नसेल तर दोघांनीच बोला, कारण प्रत्येक बदलाला आठ-दहा सेकंद सहज जातात. सक्ती असेल तर प्रत्येकाने सलग पावणेदोन-दोन मिनिटं बोलायचं आणि शेवटच्या वाक्यात पुढच्याचं नाव घ्यायचं. एकूण मजकूर ८०० शब्दांच्या आत ठेवा, तालीम सव्वासात मिनिटांत संपली पाहिजे.

स्क्रीन एकानेच शेअर करायची, बोलणारा कोणीही असो. दर वेळी ‘पुढची स्लाइड प्लीज’ म्हणायला लागू नये म्हणून मजकुराच्या प्रतीत स्लाइड बदलायच्या शब्दावर खूण करा आणि ती प्रत शेअर करणाऱ्याकडे द्या. पॉवरपॉइंटची खिडकी शेअर करून स्लाइड शो सुरू केला तर कधी कधी समोरच्यांना संपादनाचीच खिडकी दिसत राहते, म्हणून पूर्ण स्क्रीन शेअर करा. त्याआधी व्हॉट्सॲप वेब बंद.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो. पीपीटीसोबत पीडीएफ चौघांकडेही असू द्या.

वीज: शेअर करणाऱ्याचा लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि मोबाइल हॉटस्पॉट तयार. तासाला साधारण १ जीबी डेटा धरा. दुसरी व्यक्ती तीच फाइल उघडून राखीव बसेल. पहिल्याची स्क्रीन गेली तर दहा सेकंद वाट बघून तिने न विचारता शेअर करायचं. संयोजकांनी सहभागींना शेअर करण्याची परवानगी दिली आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. इथेच बऱ्याच जणांचं अडतं. दोघं एकाच खोलीत बसलात तर एकाच लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर सुरू ठेवा, नाहीतर आवाज घुमतो.

निफाडकर_रसायन

खूप आभार. आमच्यातला एक जण कॅमेऱ्यासमोर बोलायला फार घाबरतो. सगळे नमुने त्यानेच गोळा केलेत. त्याला राखीव ठेवला तर चालेल का? आणि नावांचा क्रम कसा लावायचा?

ब्युरेट

त्याला नमुन्यांचाच भाग द्या. कोणत्या विहिरी निवडल्या, बाटल्या बर्फाच्या पेटीतून कशा आणल्या, कुठली विहीर द्राक्षबागेला लागून आहे, हे त्याच्याइतकं कोणालाच सांगता येणार नाही. मजकूर पाठ करायला लावू नका. नकाशाची स्लाइड समोर ठेवून चार मुद्द्यांवर बोलू द्या. प्रश्नांच्या वेळीही विहिरींबद्दलचा प्रश्न त्याच्याकडेच सोपवायचा, हे आधी ठरवून त्याला सांगा, म्हणजे तो धास्तावणार नाही.

नावांच्या क्रमासाठी क्रेडिट (CRediT) ही योगदानाच्या १४ भूमिकांची पद्धत वापरा: संकल्पना, नमुने व प्रयोग, विदा (डेटा) सांभाळणं, विश्लेषण, आलेख, लेखन वगैरे. प्रत्येक भूमिकेपुढे नावं लिहा, एका भूमिकेत दोघंही चालतात. तो तक्ता चौघांनी एकत्र भरा, मार्गदर्शकांना दाखवा आणि शेवटच्या स्लाइडवर लहान अक्षरांत टाका. क्रम सारांशात गेलाच असेल तर आता बदलू नका. प्रमाणपत्रं बहुधा सारांशातल्या नावांप्रमाणेच छापतात, म्हणून स्पेलिंग मात्र आजच तपासून संयोजकांना कळवा.