शब्दचर्चा : भाग 'उतरला' म्हणजे नेमकं काय झालं?

गंगाघाट :
नाशिकवरच्या एका लेखाचं मुद्रितशोधन हाती आहे. त्यातलं एक वाक्य : "जुन्या नाशकातल्या आणि पंडित कॉलनी, कॉलेज रोडकडच्या मध्यमवर्गीय वस्त्यांना उतरती कळा लागली आहे." व्याकरणाची चूक नाही, पण मला दोन शब्द अडतात.

पहिला 'वस्ती'. 'वसति'वरून आलेला साधा शब्द. राहणं किंवा मुक्काम, एवढाच मूळ अर्थ. एसटीची वस्तीची गाडी यातलीच, शेतातली वस्तीही यातलीच. शहरात मात्र "तो वस्तीत राहतो" म्हटलं की ऐकणारा झोपडपट्टी समजतो. 'मध्यमवर्गीय' हे विशेषण पुढे जोडावं लागतं ते त्यासाठीच. दुसरा शब्द 'उतरती कळा'. पंडित कॉलनीत जागेचा भाव विचारून या आणि मग सांगा, कळा उतरती की चढती?

तुम्ही काय लिहाल?

जुनं नाशिक :
'वस्ती' काढाच. गावठाणात आम्ही हा शब्द कधी वापरला नाही. आमचा पत्ता म्हणजे लेन. पुण्यात आळी आणि बोळ, आमच्याकडे गायधनी लेन, घनकर लेन, पगडबंद लेन, हुंडीवाला लेन. लेन इंग्रजी आहे हे तिथल्या म्हाताऱ्यांना सांगितलं तर ते हसतील.

लेनमध्ये वाडा, वाड्यात बिऱ्हाडं. या शब्दापाशी जरा थांबतो, कारण तुमच्या लेखात तो असायलाच हवा. बिऱ्हाड म्हणजे नुसती खोली नव्हे आणि नुसतं कुटुंबही नव्हे. स्वतःची चूल मांडून राहणारं कुटुंब ते बिऱ्हाड. घर बांधतात, बिऱ्हाड मांडतात, थाटतात, हलवतात. सगळी क्रियापदं उचलून नेण्यासारखी. विंचवाच्या पाठीवर म्हणून बिऱ्हाड असतं, घर नसतं. "आमच्या वाड्यात सात-आठ बिऱ्हाडं आहेत" हे मालक मोठेपणाने सांगायचे. आता मालकाच्या वकिलाच्या नोटिशीत तेच लोक 'भाडेकरू' असतात आणि महापालिकेच्या नोटिशीत 'भोगवटादार'.

वाडे काही आपोआप पडले नाहीत. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली, आधार १९४० च्या भाड्याचा. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ भाडंच चहापाण्याइतकं असेल तर ४ टक्क्यांनी काय होणार? मालकाला डागडुजी परवडेना, बिऱ्हाडकरूला जागा सोडवेना, त्यात मालकाच्या घरात वारस वाढत गेले. भिंत मातीची, आढं लाकडाचं. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका 'धोकादायक वाडा' म्हणून नोटीस देते आणि दोन्ही बाजू ती जपून ठेवतात, दाव्यात उपयोगी पडते म्हणून. याला 'मोडकळीस येणे' हा नेमका शब्द आहे. पण तो वास्तूचा शब्द झाला. माणसं गंगापूर रोडला, इंदिरानगरला गेली आणि बरी आहेत. मग कळा उतरली ती कुणाची?

सिडकोवाली :
काका, तुमचा मुद्दा पटला. पण 'भाग उतरला' हे वाक्य कोण कुणाबद्दल म्हणतं तेही बघा. कॉलेज रोडवाले आमच्याबद्दल म्हणतात. आमचा भाग चढला कधी होता, उतरायला?

सिडको हे मुळात महामंडळाचं नाव, १९७० साली निघालेलं. त्याने घरं बांधली आणि महामंडळाचं नाव गावाला चिकटलं. महापालिकेच्या कागदावर विभाग 'नवीन नाशिक' आहे, पण "नवीन नाशिकला चल" असं रिक्षावाल्याला सांगून बघा. पत्ता विचारला की लोक स्कीम सांगतात, पहिली ते सहावी. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागलेल्या माणसांना स्वतःचं, नावावरचं घर मिळालं ते इथे. घर बेताचं, म्हणून जो तो मजला चढवत गेला. बाहेरून जिना, वर एक खोली, मग आणखी एक. मुलाचं लग्न झालं की मजला. रस्ता मात्र होता तेवढाच, त्यात आता चारचाकी. बाहेरच्याला ते बकाल दिसतं. आमच्या बोलण्यात त्याला 'घर वाढवलं' म्हणतात. एकाच गल्लीला कुणी 'बकाल' म्हणतं, कुणी 'वाढती', आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

आणि हो, 'वस्ती', 'कॉलनी' काहीच नको. आमची मुलं 'एरिया' म्हणतात. त्यातून जात कळत नाही, पगार कळत नाही. म्हणूनच तो शब्द टिकला असं माझं मत.

जेलरोड :
नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसच्या कामगारांचं नेहरूनगर आहे, त्याला आम्ही कॉलनी म्हणत नाही, क्वार्टर म्हणतो. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचीच असते. त्यामुळे तो भाग उतरत नाही, 'खाली' होतो. बाकी, १९८२ पासून महापालिका एकच असली तरी आम्ही अजून "नाशिकला जाऊन येतो" म्हणूनच निघतो.

दस्तनोंदणी :
लेखात 'सोसायटी' सरसकट वापरला असेल तर तपासा. नाशकात अपार्टमेंट पुष्कळ आहेत आणि फरक नुसता पाटीवरचा नाही. सोसायटी १९६० च्या सहकार कायद्याखाली, जमीन संस्थेच्या नावावर. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली, जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्केवारीने प्रत्येक फ्लॅटमालकाच्या नावावर. जुनी तीन मजली इमारत पाडून नवी बांधायची बैठक बसली की पहिली दोन वर्षं याच टक्केवारीवर जातात. बंगला पाडून अपार्टमेंट झाली त्याला लोक 'डेव्हलप केलं' म्हणतात, आणि अपार्टमेंट पाडून टॉवर झाला की 'रिडेव्हलप'. यात कुणीच 'पाडलं' म्हणत नाही.

गंगाघाट :
ही शेवटची गोष्ट टिपून ठेवली.

कॉलनीबद्दल माझं म्हणणं राहिलंच. नाशकातल्या कॉलन्यांच्या आसपासची नावं बघा : विसे मळा, येवलेकर मळा. विहिरीच्या पाण्यावरची बागायत ती मळा. मळे बिनशेती झाले, प्लॉट पडले, बंगले आले. गंमत म्हणजे 'कॉलनी'चा लॅटिन पूर्वज 'कोलोनिया', तो 'कोलोनस' म्हणजे शेतकऱ्यापासून निघालेला. मराठीत 'वसाहत' होता, पण तो औद्योगिक वसाहत आणि पोलीस वसाहतीकडे गेला, म्हणजे जिथे एकच मालक आहे तिथे. स्वतःचा प्लॉट घेणाऱ्याला तो नको होता. (आता 'मळा' आणि 'वाडा' दोन्ही शहराबाहेरच्या मिसळीच्या हॉटेलांवर सापडतात. हातात ताट घेऊन लोक तिथे फोटो काढतात.)

पंडित कॉलनीचं काय झालं? बंगल्यांत दवाखाने, लॅब, ऑफिसं आली. मुलं पुण्याला, परदेशी. आईवडिलांना जिना चढवेना. दवाखान्याने दिला तो भाव घरमालकाला दुसऱ्या कुणी दिला नसता. याला 'ओस पडली' म्हणता येत नाही, दिवसभर पार्किंगला जागा नाही. 'अवकळा' म्हणता येत नाही, दर्शनी भागाला काच आहे. 'रया गेली' तर अजिबात नाही. 'उतरती कळा' हा चंद्रावरून आलेला शब्द, कमी कमी होत जाण्याचा, आणि इथे पैसा, माणसं, दिवे सगळं वाढलं. कमी झालं ते रात्री तिथे झोपणारं माणूस.

त्यासाठी मला 'नांदणे' हेच क्रियापद योग्य वाटतं. आता आधी आठवतं ते सुनेचं नांदणं, पण 'नांदता वाडा', 'नांदतं घर' अजून कानाला परकं वाटत नाही. 'राबता' म्हणजे येणंजाणं, ते वेगळं. वाक्य असं करतोय :

"गावठाणातले वाडे मोडकळीस आले. पंडित कॉलनी, कॉलेज रोडला राबता वाढला, पण नांदती घरं थोडी उरली."

जुनं नाशिक :
ठीक. 'वाडे मोडकळीस आले'च्या आधी 'बिऱ्हाडं हलली' घाला. आधी ती हलली, मग आढं.

सिडकोवाली :
आणि सिडको?

गंगाघाट :
लेखकाला कळवतो, ताई. सिडकोसाठी वेगळा परिच्छेद लागेल. त्यात 'बकाल' आला तर मी काट मारेन.