आजीच्या तोंडात गंगाजल पडले नाही. आत्म्याच्या श्रद्धेला रुग्णालयात जागा असावी का?

देवगडची लेक
गेल्या महिन्यात आजीला पक्षाघाताचा झटका आला आणि ती चार दिवस अतिदक्षता विभागात होती. प्राण जाताना तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल पडले नाही तर आत्मा घुटमळतो, ही आईची श्रद्धा. परंतु गिळता येत नसताना पाणी श्वासनलिकेत जाईल म्हणून डॉक्टरांनी नकार दिला आणि आजी तशीच गेली. त्यांचे म्हणणे मला पटते, तरी आई अजून मध्यरात्री उठून बसते. अशा श्रद्धेला उपचारांत काही स्थान आहे का?

परिचारिका, रत्नागिरी
घोटभर पाणी देणे धोक्याचेच होते. मात्र तोंड कोरडे पडू नये म्हणून आम्ही ओला कापूस पिळून ओठांवरून फिरवतोच. अखेरच्या घटकेला तो गंगाजलाने ओला केला तर काय बिघडते? तुळशीचे पान घशात अडकू शकते, म्हणून ते उशाशी ठेवावे. आमच्याकडे एका दालदी (कोकणातले मुस्लिम मच्छीमार) आजोबांच्या कानाशी मुलगा कलमा म्हणत होता, तेव्हा डॉक्टरांना विचारून मी मॉनिटरचा आवाज कमी केला होता. आईंना सांगा, मागणे चुकीचे नव्हते. कोणीतरी हा मार्ग सुचवायला हवा होता.

एक डॉक्टर, चिपळूण
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डंकन मॅकडुगल या डॉक्टरांनी मरणाऱ्या सहा रुग्णांचे वजन करून आत्मा तोलण्याचा प्रयत्न केला. त्यातून काहीच सिद्ध झाले नाही, आणि रुग्णसेवेला त्या निकालाची गरजही नाही. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचे सेवाघर, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शरीर, मन, नाती आणि श्रद्धा यांचे दुःख एकच मानले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या उपशामक सेवेच्या (गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या) व्याख्येतही आध्यात्मिक त्रासाचा उल्लेख आहे. सीमा मात्र मी कडक ठेवतो: फुरसे चावलेल्या माणसाला आधी देवाला गाऱ्हाणे घालायला नेऊ नये, प्रतिविषाला उशीर होतो. गाऱ्हाणे घरच्यांनी मागाहून खुशाल घालावे.

मालवणकर
बोलणे आधीच व्हावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले की पुरते. माझ्या वडिलांनी त्यात कृत्रिम श्वासाबद्दल लिहिलेच, शिवाय शेवटी ओटीवर, तुळशीवृंदावन दिसेल असे निजवावे, हेही लिहून ठेवले आहे.