शिलाहारांच्या आधीचं कोल्हापूर

वर एकांनी लिहिलंय की शिलाहार (मध्ययुगात इथे राज्य करणारं राजघराणं) येण्याआधी कोल्हापूर म्हणजे अंबाबाईच्या देवळाभोवतीचं खेडं होतं. मला हे अजिबात पटत नाही.

पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी बघा. 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, भरभराटीची वस्ती उजेडात आली. त्याच टेकडीवर ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. दाढीवाला, एक हात वर उचललेला. टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, मुद्दाम जाऊन बघा. भूमध्य समुद्राकडची ही वस्तू घाट चढून इथवर आली, ती काय खेड्यासाठी?

नाणी तर आणखी बोलकी आहेत. विळिवायकुर, शिवलकुर अशी राजांची नावं असलेली शिशाची नाणी याच भागात सापडतात. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि कुंपणातलं झाड, दुसऱ्या बाजूला बाण लावलेलं धनुष्य. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी ज्या बालेओकुरोस राजाचं नाव देतो, तो विळिवायकुरच, असं बरेच अभ्यासक मानतात.

शिलाहारांचं मोठेपण यानं कमी होत नाही. त्यांच्यातल्या गंडरादित्य राजानं मिरज भागात गंडसमुद्र तलाव बांधून काठावर शिव, बुद्ध आणि अर्हत (जैन तीर्थंकर) अशा तिघांची स्थापना केली, हे मला फार मोलाचं वाटतं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादव सिंघणानं शिलाहार राजा दुसऱ्या भोजाला हरवून हे राज्य घेतलं, तोवर इथल्या नागरी वस्तीला हजार वर्षं उलटून गेली होती.