मदत हवी आहे: ‘एन्तोले’ म्हणजे नेमकं काय?

बोरीचं_झाड: रविवारी मंडळीत बोलायचंय, विषय ‘आज्ञा’. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द एन्तोले. कुणी म्हणतं हुकूम, कुणी नियम, कुणी शिकवण. खरा अर्थ कोणता? लवकर सांगा. शब्दकोश बघून झालाय.

सांजवात: कोणतं वचन?

बोरीचं_झाड: वचनाने काय फरक पडतो? शब्द तोच ना!

सांजवात: पडतो की. लूक 15:29 मध्ये थोरला मुलगा म्हणतो, बाबा, तुमची एकही आज्ञा मोडली नाही. ती घरातली. योहान 11:57 मध्ये येशूचा ठावठिकाणा कळवा म्हणून मुख्य याजक हुकूम सोडतात, तिथेही हाच शब्द. कलस्सै 4:10 मध्ये मार्काविषयी नुसत्या सूचना आहेत. कोण कुणाला सांगतंय ते आधी बघा.

जुना_विद्यार्थी: ग्रीकमध्ये अडकू नका. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हिब्रू ‘मित्स्वा’ (आज्ञा) या शब्दाला बहुतेक ठिकाणी एन्तोलेच घातलंय. मुळाशी जायचं तर स्तोत्र 119 वाचा.

दर्यावर्दी: उच्चार चुकतोय. आजचे ग्रीक ‘एन्दोली’ म्हणतात. बँकेला दिलेला पैसे भरण्याचा आदेश, संगणकाची कमांड, सगळ्याला हाच शब्द.

जुना_विद्यार्थी: आजच्या बँकेवरून पहिल्या शतकातला अर्थ लागत नाही हो.

वसईची_लेक: दहा आज्ञा सांगणार असाल तर क्रम तपासून घ्या. आम्हा कॅथलिकांत ‘व्यभिचार करू नको’ सहावी, बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सातवी.

बोरीचं_झाड: ताई, यादी नकोय मला. वचन योहान 13:34, ‘नवी आज्ञा’: एकमेकांवर प्रीती करा. आमच्यातले एक वडीलधारे ठासून सांगतात की एन्तोले म्हणजे मोशेचं नियमशास्त्रच. मग नवी कशी?

सांजवात: हे आधी सांगायचं ना! नियमशास्त्र म्हणजे नोमोस. मत्तय 22:36 मध्ये दोन्ही शब्द एकाच प्रश्नात आहेत: नियमशास्त्रातली कोणती आज्ञा मोठी? नोमोस अख्खं, एन्तोले त्यातली एकेक. शेजाऱ्यावर प्रीती कर हे लेवीय 19:18 मध्ये आधीच आहे. नवं आहे ते ‘जशी मी तुमच्यावर केली तशी’. आणि हे येशू शिष्यांचे पाय धुतल्यावर, त्याच रात्री बोलतो. योहान 10:18 ही घ्या, तिथे खुद्द येशूला पित्याकडून एन्तोले मिळते. नुसतं ‘हुकूम’ म्हटलंत तर हे सगळं हातचं जाईल.

जुना_विद्यार्थी: तरी ती आज्ञाच. प्रीती म्हटलं की लोक ऐच्छिक समजतात, ते मला पटत नाही.

सांजवात: ऐच्छिक कोण म्हणालं? देणारा कोण ते बघा, एवढंच.

वसईची_लेक: लॅटिनमध्ये याच वचनात ‘मान्दातुम’ आहे. पवित्र गुरुवारचं मॉन्डी थर्सडे हे नाव त्यावरूनच आलं. त्या संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो.

दर्यावर्दी: पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल कुठे मिळेल?

बोरीचं_झाड: त्याचा वेगळा धागा काढा, कृपया. सांजवात, 10:18 घेतो. पण वडीलधारे प्रेषित पौलाच्या पत्रांशिवाय ऐकायचे नाहीत. नोमोस आणि एन्तोले त्याने कुठे वेगळे वापरलेत का?

सांजवात: रोम 7:12. नियमशास्त्र पवित्र, आणि आज्ञाही पवित्र, न्याय्य, चांगली. सातव्या वचनापासून वाचून दाखवा. तिथे ‘लोभ धरू नको’ ही एकच आज्ञा त्याने उदाहरणाला घेतलीय.