स्की आणि फ्लाय-फिशिंग: एका वर्षात दोन्ही कसं बसवता?

ओलामोजा: मंडळी, डोंगरात राहायला येऊन दुसरं वर्ष. हिवाळाभर स्की, उन्हाळाभर नदीवर फ्लाय-फिशिंग (नकली माशी लावून मासेमारी) असं सोपं गणित मांडलं होतं. पण वसंतात दोन्हीकडून ओढाताण होते आणि पुढे महिनाभर बर्फही गेलेला, नदीही गढूळ. तुम्ही कसं जमवता?

पाणकोंबडा: ऋतू वाटू नका, दिवस वाटा. वसंतात रात्री गोठलेला बर्फ सकाळी दगड असतो. उन्हाने वरचा एक-दोन इंच थर दाणेदार झाला की तास-दोन तास चंगळ. पाय रुतायला लागले की मुकाट्याने उतरायचं, ओला बर्फ कोसळायचा धोका त्यानंतर वाढत जातो. तोवर नदी अंश-दोन अंश तापलेली असते. ढगाळ दुपारी १२ ते ३ बारीक मेफ्लाय (पाण्यातून वर येणारे उडते किडे) निघतात, ते खायला ट्राउट मासे वर येतात. मी पहिली दोन वर्षं भल्या पहाटे गळ घेऊन काकडत उभा राहायचो. एक मासा लागेल तर शपथ!

दमलेले_गुडघे: +१. गढूळ महिन्यात धरणाखालचा पट्टा बघा, गाळ वर धरणातच बसतो. नाहीतर नुकताच बर्फ फुटलेलं तळं. काठाकाठाने फिरा, मासे तिथेच असतात.

भर उन्हाळ्यात मात्र खिशात थर्मामीटर हवा. पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की गळ गुंडाळायचा. गरम पाण्यात प्राणवायू कमी, मासा दमलेला, सोडून दिला तरी बरेचदा मरतो. ‘मी सोडतो ना’ म्हणणाऱ्यांशी माझे इथे वाद झालेत, परत करायला तयार आहे.

ओलामोजा: आणि हिवाळ्यात? बर्फ बरा नसेल त्या दिवशी नदी?

पाणकोंबडा: जा की, पण दुपारीच. खोल, संथ डोहात २०-२२ नंबरच्या मिज (चिलटाएवढ्या बारीक नकली माश्या), आणि माशी अगदी हळू वाहू द्यायची. रॉडच्या कड्यांत बर्फाची चकती धरते, दोर हलत नाही. बोटांनी फोडू नका, टोक पाण्यात बुडवा, सुटते.

खरवडपट्टी: शरदाचं कुणीच बोललं नाही. पहिल्या बर्फाची वाट बघत लोक नदीत कुठेही पाय टाकतात. ब्राउन ट्राउट तेव्हा अंडी घालतात. तळाशी स्वच्छ, फिकट खड्यांचा परातीएवढा ठिपका दिसला तर वळसा घाला, आणि त्यावरच्या माशांना छळू नका.

सामानाचंही सांगतो. हंगाम संपला की स्की पुसून तळाला जाड मेण लावा, कडांवरही येऊ द्या, शरदापर्यंत खरवडू नका. मी एकदा ओल्याच पिशवीत कोंबून नदीवर पळालो. काढल्या तेव्हा कडा तांबूस. वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) आतून-बाहेरून वाळवून टांगा. ओल्या वेडर्समधून एका नदीची घाण दुसऱ्या नदीत जाते.

ओलामोजा: थर्मामीटर घेतो. स्की मात्र तीन आठवडे पिशवीतच आहेत. आलोच.